औषध लागू का पडत नाही?

आपल्याकडे औषधाविषयी बोलताना ‘लागू पडणे’ असा एक शब्दप्रयोग आहे. एकाच गावात, एकाच तापाने आजारी पडलेल्या दोघांना एकच गोळी दिली आणि एकाला उतार पडला, दुसऱ्याला पडला नाही, तर म्हातारी माणसे म्हणतात, ‘त्याले ते औषध लागलंच नाही.’ या बोलण्यात वैद्याला दोष नसतो आणि औषधालाही नसतो. औषध आणि शरीर यांचे काहीतरी जुळावे लागते, एवढेच त्यात सुचवलेले असते. ही समजूत अडाणीपणाची म्हणून हसण्यावारी नेण्याचे कारण नाही. कर्करोगावरील औषधांच्या बाबतीत गेली कित्येक दशके शास्त्रज्ञ जो प्रश्न सोडवीत आहेत, तो नेमका हाच आहे.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने या विषयाच्या वाटेला का जावे, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. ‘केमो’ हा शब्द आता आपल्या जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत कपाशी आणि सोयाबीन या शब्दांइतकाच ओळखीचा झाला आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत वर्धा जिल्ह्यातील कर्करुग्णांची नोंद ठेवली जाते. तीत पुरुषांमध्ये तोंडाचा आणि स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग आघाडीवर आहे. पानटपरीवरच्या खर्ऱ्याचा यातील वाटा सर्वांना ठाऊक आहे. त्याविषयी येथे लिहीत नाही. प्रश्न पुढचा आहे. रोग झाला, औषध सुरू झाले, केस गेले, अन्न जाईना, आणि तरीही गाठ जागची हलली नाही, असे का होते? हा प्रश्न लोक मराठीत विचारतात. त्याचे उत्तर मात्र बहुधा इंग्रजी पुस्तकांत असते. ते आपल्या भाषेत आणण्याचा हा प्रयत्न आहे.

विष आणि औषध

केमोथेरपीला मराठीत ‘रसायनोपचार’ म्हणतात. आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. पेशी विभागते, एकीच्या दोन होतात, गरज संपली की थांबतात. कर्करोगाची पेशी थांबत नाही. विभागण्यापूर्वी प्रत्येक पेशीला आपल्या डीएनएची, म्हणजे शरीराच्या घडणीचा सारा मजकूर ज्यात साठवलेला असतो त्या दीर्घ धाग्याची, नक्कल करावी लागते. रसायनोपचाराची बहुतेक जुनी औषधे पेशीला या विभागणीच्या धांदलीतच गाठतात. जी पेशी वारंवार विभागते तिला घाव अधिक बसतो. केसांच्या मुळांच्या, तोंडाच्या अस्तराच्या आणि हाडांतील मगजाच्या पेशीही भराभर विभागत असल्यामुळे त्याही यात सापडतात. केस गळणे, तोंड येणे, रक्तातील पांढऱ्या पेशी घटणे यांचे कारण हेच होय. औषध आणि विष यांत येथे फार अंतर नाही.

या उपचाराच्या आरंभी एका भारतीयाचे नाव आहे. आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव हे अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत संशोधन करीत होते. त्यांच्या चमूने तयार केलेले अमिनोप्टेरिन हे द्रव्य बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या मुलांना दिले आणि त्याचा वृत्तान्त १९४८ साली प्रसिद्ध झाला. मरणाच्या दारातील मुले उठून खेळू लागली. परंतु ही सुधारणा टिकली नाही. काही महिन्यांत रोग परतला आणि तेच औषध आता निकामी ठरले. म्हणजे औषध लागू पडते आणि पुढे पडेनासे होते, ही अडचण रसायनोपचाराच्या जन्माबरोबरच जन्माला आली.

सुताचा पीळ

दुसरे एक औषध आपल्या महाराष्ट्राशी दोन बाजूंनी जोडलेले आहे. १९२५ साली नंदुरबारला जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात शिकलेले मनसुख वाणी हे रसायनशास्त्रज्ञ पुढे अमेरिकेत गेले. तेथे मन्रो वॉल यांच्यासोबत त्यांनी १९६६ साली एका चिनी वृक्षातून ‘कॅम्प्टोथेसिन’ हे द्रव्य वेगळे काढून त्याची रचना उलगडली. (स्तनाच्या कर्करोगावर आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या टॅक्सॉलची रचनाही १९७१ साली याच जोडीने व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधली.) १९७२ साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन या भारतीय शास्त्रज्ञांना हेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतील ‘नरक्या’ नावाच्या झाडात सापडले. दुर्गंधीमुळे हे नाव पडलेल्या या झाडाला मग इतकी मागणी आली, की तोडीमुळे ते आज दुर्मिळ झाले आहे. कॅम्प्टोथेसिनपासून बनवलेली टोपोटिकॅन आणि आयरिनोटिकॅन ही दोन औषधे १९९६ साली अमेरिकेत मान्य झाली.

हे औषध मारते कसे? वर्धेच्या माणसाला हे समजावणे सोपे आहे, कारण येथे चरखा सर्वांनी पाहिलेला आहे. दोन पदरी पिळाचे सूत घ्या, त्याची दोन्ही टोके घट्ट धरा आणि मधूनच पदर वेगळे करू लागा. जसजसे पदर सुटतात, तसतसा पुढचा पीळ अधिक घट्ट बसतो आणि शेवटी सुताला गाठी पडतात. डीएनए हाही दोन पदरी पिळाचा धागाच आहे. त्याची नक्कल करताना पदर वेगळे करावे लागतात आणि पुढे पीळ चढतो. हा पीळ सैल करण्यासाठी पेशीत ‘टोपोआयसोमरेज’ नावाचे प्रथिन असते. ते एक पदर कापते, पीळ जाऊ देते आणि लगेच तो पदर सांधते. कॅम्प्टोथेसिन नेमके कापण्याच्या आणि सांधण्याच्या मध्ये येऊन बसते. कापलेला पदर तसाच राहतो, मागून नक्कल करणारी यंत्रणा येऊन त्यावर आदळते आणि धागा पुरता तुटतो. हे गुपित १९८५ साली उलगडले.

आता खरा प्रश्न येतो. धागा तर सर्वच पेशींत तुटतो. मग काही पेशी मरतात आणि काही जगतात, असे का?

बोंडअळीचा धडा

या ठिकाणी आपल्या शेतातलेच उदाहरण घेऊ. भारतात बीटी कपाशीला २००२ साली परवानगी मिळाली. या कपाशीत जमिनीतील एका जिवाणूचे विषारी प्रथिन असते. बोंडअळीने पान किंवा बोंड खाल्ले की ती मरते. पहिली काही वर्षे निर्धास्त गेली. पुढे गुलाबी बोंडअळी दाद देईनाशी झाली आणि २०१७ च्या हंगामात तर तिने विदर्भाच्या कपाशीची दैना केली. हे आपल्यापैकी अनेकांनी घरच्या शेतात पाहिले आहे.

यामागची गोष्ट विचार करण्यासारखी आहे. ते विष अळीच्या पोटात गेले म्हणजे काम झाले, असे नाही. अळीच्या आतड्याच्या अस्तरात ‘कॅडेरिन’ नावाचे तिचे स्वतःचे एक प्रथिन असते; विष त्याला चिकटते, तेव्हाच पुढचा नाश सुरू होतो. भारतातील प्रतिकारक गुलाबी बोंडअळ्यांमध्ये याच कॅडेरिनच्या जनुकात बिघाड झालेले २०१४ साली दाखवले गेले. कुलूपच बदलले, मग किल्ली कितीही चांगली असो! सांगायचे तात्पर्य, अळीच्या मरणात अळीचेच एक प्रथिन वाटेकरी होते. विषाची ताकद ही अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी गोष्ट मरणाऱ्याच्या देहात असते.

कर्करोगाच्या गाठीत कोट्यवधी पेशी असतात आणि त्या सर्व एकसारख्या नसतात. औषध दिले की त्याला बळी पडणाऱ्या पेशी मरतात, गाठ लहान होते, घरचे लोक देवाचे आभार मानतात. उरतात त्या मूठभर न मरणाऱ्या, आणि पुढची गाठ त्यांच्यापासून वाढते. फवारणीनंतर उरलेल्या अळ्यांची पुढची पिढी आणि ही पेशींची पिढी, दोन्हींचा न्याय एकच.

पेशीला वाचवणारी प्रथिने

औषधाच्या बाबतीत पेशीतील प्रथिने ढोबळमानाने दोन पक्षांत विभागता येतात. काही प्रथिने पेशीला औषधापासून वाचवतात, तर काही औषधाच्या बाजूने उभी राहतात.

पहिल्या पक्षातील सर्वांत प्रसिद्ध प्रथिन १९७६ साली कॅनडात व्हिक्टर लिंग आणि रुडॉल्फ जुलियानो यांना सापडले. त्याचे नाव पी-ग्लायकोप्रोटीन. विहिरीवरचा मोटारपंप जसा पाणी उपसून बाहेर टाकतो, तद्वत हे प्रथिन पेशीत शिरलेले औषध उपसून बाहेर फेकते. असा पंप जिच्या अंगी आला ती पेशी एकाच नव्हे तर अनेक औषधांना पुरून उरते. हा पंप बंद करणारी द्रव्ये शोधून रुग्णांवर वापरण्याचे पुष्कळ प्रयत्न झाले. पण अपेक्षित यश आले नाही. कारण हाच पंप आपल्या आतड्यात, यकृतात आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांतही विषारी द्रव्ये बाहेर ठेवण्याचे काम इमानाने करीत असतो. तो बंद केला तर शत्रूबरोबर घरही उघडे पडते.

दुसरे उदाहरण आपल्या राज्यातील आहे. मुंबईच्या परळ भागात १९५२ साली डॉ. वसंत खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले. ते पुढे टाटा स्मारक केंद्राचा भाग बनले आणि आज नवी मुंबईतील खारघरला ‘अ‍ॅक्ट्रेक’ या नावाने ओळखले जाते. तेथील डॉ. सोराब दलाल यांच्या चमूने मोठ्या आतड्याच्या कर्करोगातील ‘लिपोकॅलिन-२’ या प्रथिनाचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध केला. या रोगावर ‘५-फ्लोरोयुरॅसिल’ हे १९५७ पासून माहीत असलेले, जुने आणि तुलनेने स्वस्त औषध देतात. ज्या पेशींत लिपोकॅलिन-२ भरपूर, त्या या औषधाला दाद देत नाहीत, असे त्यांना आढळले.

याचे कारण मोठे गमतीचे आहे. उघडे पडलेले तेल जसे खवट होते, तसे पेशीच्या आवरणातील स्निग्ध पदार्थही लोहाच्या सान्निध्यात खवट होऊ शकतात. हे प्रमाणाबाहेर गेले की आवरण फाटते आणि पेशी मरते. या मरणाला २०१२ साली ‘फेरोप्टोसिस’ हे नाव मिळाले. आपण त्याला ‘लोहमृत्यू’ म्हणू. लिपोकॅलिन-२ पेशीतील लोह कमी करते, शिवाय खवटपणा रोखणाऱ्या दुसऱ्या प्रथिनांचे प्रमाण वाढवते. साहजिकच पेशीचा लोहमृत्यू टळतो. खारघरच्या संशोधकांनी लिपोकॅलिन-२ ला जखडून ठेवणारे प्रतिपिंड वापरले, तेव्हा त्या हट्टी पेशी पुन्हा औषधाला दाद देऊ लागल्या. उंदरांच्या अंगातील गाठींची वाढही मंदावली. औषध तेच, जुनेच. बदलली ती पेशी.

झोपेचे नाव असलेले प्रथिन

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू, म्हणजे औषधाच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या प्रथिनांकडे. येथे आपले नरक्याचे औषध पुन्हा भेटते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेजवळ माणसाच्या निरनिराळ्या कर्करोगांपासून वाढवलेले ६० पेशीवंश आहेत. या साठही वंशांवर हजारो द्रव्ये तपासून कोण कशाने मरतो याच्या नोंदी ठेवल्या आहेत. २०१२ साली तेथील संशोधकांनी या नोंदी प्रत्येक वंशातील जनुकांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. टोपोटिकॅनसारख्या, डीएनएवर घाव घालणाऱ्या औषधांनी मरणाऱ्या पेशींत एक जनुक हटकून जागे होते. त्याचे नाव ‘श्लाफेन-११’. त्याच वर्षी दुसऱ्या एका मोठ्या गटालाही स्वतंत्रपणे हेच उत्तर मिळाले. ‘श्लाफेन’ हा जर्मन शब्द असून त्याचा अर्थ ‘झोपणे’ असा आहे. या घराण्यातील प्रथिने पेशींची वाढ थांबवतात म्हणून हे नाव पडले.

डीएनएचा धागा तुटला की सामान्यतः पेशी नक्कल करण्याचे काम थोडे थांबवते, तुटके सांधते आणि पुन्हा कामाला लागते. पेशीत श्लाफेन-११ असेल, तर ते अडलेल्या ठिकाणी जाऊन बसते आणि नकलेचे काम कायमचे बंद पाडते. मग पेशीला मरणावाचून गत्यंतर उरत नाही. हे प्रथिन नसेल, तर तेच औषध, तेवढीच मात्रा, पण पेशी सावरते आणि जगते.

प्रयोगशाळेतील कर्कपेशींच्या सुमारे निम्म्या वंशांत हे प्रथिन आढळत नाही. विशेष म्हणजे त्यांतील पुष्कळांत जनुक नष्ट झालेले नसते. त्यावर रासायनिक शिक्के बसून ते गप्प झालेले असते. म्हणजे झोपेचे नाव असलेले हे जनुक खरोखरच झोपी गेलेले असते! फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगात ते पुन्हा जागे करता येते आणि मग पेशी औषधाला दाद देतात, हे २०१७ साली प्रयोगांत दिसले आहे.

शोध कसा घेतात?

माणसाच्या पेशीत प्रथिनांची कृती सांगणारी सुमारे २०,००० जनुके आहेत. त्यांतून नेमके एक शोधायचे, म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणेच. त्यासाठी पेशी काचेच्या भांड्यात वाढवता यायला हव्यात. भारतात या कामाची पहिली प्रयोगशाळा १९६० च्या दशकात मुंबईच्या त्याच केंद्रात डॉ. कमल रणदिवे या पुण्यात जन्मलेल्या विदुषीने उभी केली, ही अभिमानाची गोष्ट आहे.

शोधाची एक रीत वर सांगितलीच : अनेक वंशांच्या नोंदी ताडून पाहणे. दुसरी रीत अधिक थेट आहे. १९९८ साली जनुक गप्प करण्याची आणि २०१२ साली ते नेमके कापण्याची युक्ती शास्त्रज्ञांना सापडली. दोन्हींना पुढे नोबेल पारितोषिक मिळाले (२००६ आणि २०२०). या युक्तीने लाखो पेशींपैकी प्रत्येकीतील एकेक निराळे जनुक निकामी करतात आणि प्रत्येकीवर ओळखीची खूण ठेवतात. आपल्या वर्गातील हजेरीपटासारखेच हे आहे. खूण म्हणजे रोल नंबर. मग सर्व पेशींना औषधाची बेताची मात्रा देतात आणि काही दिवसांनी पुन्हा हजेरी घेतात. जे नंबर गैरहजर, त्यांचे निकामी केलेले जनुक पेशीला वाचवणारे होते. जे नंबर नेहमीपेक्षा अधिक संख्येने हजर, त्यांचे जनुक औषधाच्या बाजूचे होते. ते गेल्यामुळेच पेशी वाचली.

एवढ्यावर निकाल देत नाहीत. संशयित प्रथिन पेशीतून काढून पाहतात, परत घालून पाहतात. दोन्ही वेळा उत्तर जुळले, तरच पुढे उंदीर आणि त्यानंतर माणूस.

काचेतून माणसाकडे

काचेच्या भांड्यातील यश माणसात टिकतेच असे नाही. पी-ग्लायकोप्रोटीनची कथा आपण पाहिलीच. पेशीला औषधाला बळी पाडणारी कोणतीही युक्ती निरोगी पेशींनाही बळी पाडणार नाही ना, हे पाहावे लागते. नाहीतर मगजाच्या पेशी मरून रुग्ण रोगाऐवजी उपचारानेच जायचा.

तरीही हाती काहीच नाही असे नाही. फुप्फुसाच्या त्याच कर्करोगाच्या १०४ रुग्णांवरील एका चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. टेमोझोलोमाइड आणि व्हेलिपॅरिब ही जोड-औषधे घेणाऱ्यांपैकी ज्यांच्या गाठीत श्लाफेन-११ होते, त्यांचे आयुष्य मध्यमानाने १२.२ महिने, आणि ज्यांच्यात ते नव्हते त्यांचे ७.५ महिने आढळले. पावणेपाच महिन्यांचा फरक म्हणजे काही अमृत नव्हे. पण या आकड्यांतून एक गोष्ट दिसते. गाठीचा लहानसा तुकडा तपासून, औषध देण्यापूर्वीच, ते लागू पडण्याचा संभव किती हे सांगता येण्याची वाट उघडी होत आहे.

आपल्या भागात या वाटेचे मोल फार मोठे आहे. औषध सरकारी योजनेतून मिळाले तरी दर तीन आठवड्यांनी नागपूरच्या किंवा मुंबईच्या वाऱ्या, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, राहण्या-जेवणाचा खर्च, हे कुटुंबालाच सोसावे लागते. त्यापायी बैलजोडी जाते, कधी शेतही गहाण पडते. औषध लागू पडले तर हा खर्च सार्थकी लागला असे वाटते. पडले नाही तर रुग्णाच्या अंगात विष गेले, दिवस गेले, घर खचले, आणि ज्या दुसऱ्या औषधाने कदाचित गुण आला असता त्याची वेळही निघून गेली. म्हणून कोणत्या पेशीत कोणते प्रथिन आहे, हा केवळ प्रयोगशाळेतील कुतूहलाचा प्रश्न राहत नाही. तो घराच्या जमाखर्चाचाही प्रश्न होतो.

नवे औषध शोधण्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरांत येतात. जुन्या औषधाला पेशी दाद कशी देईल, हे शोधणाऱ्यांची बातमी क्वचितच येते. परंतु ५-फ्लोरोयुरॅसिल, सिस्प्लॅटिन, टोपोटिकॅन ही औषधे आज आपल्या इस्पितळांत आहेत, त्यांची मात्रा आणि त्यांचे धोके डॉक्टरांना पाठ आहेत. त्यांच्या बाजूने उभे राहणारे एक प्रथिन जागे करता आले, किंवा विरुद्ध बाजूचे एक जखडता आले, तर हाताशी असलेल्या शस्त्रालाच धार येईल. नवे शस्त्र परदेशातून, न परवडणाऱ्या किमतीत येण्याची वाट गरिबाला पाहावी लागणार नाही.

‘औषध लागलं नाही’ हे वाक्य आज आपण सर्व संपल्यानंतर, दैवाकडे बोट दाखवून उच्चारतो. ‘हे औषध याला लागेल का?’ असा प्रश्न उपचाराच्या आधीच विचारता यावा आणि त्याला तपासणीच्या कागदावर उत्तर मिळावे, यासाठी खारघरपासून अमेरिकेपर्यंत माणसे सूक्ष्मदर्शकावर डोळे लावून बसली आहेत. त्यांच्या खटपटीला यश येवो, आणि ते यश वर्धेच्या शेवटच्या खेड्यापर्यंत लवकर पोहोचो.